ओलांडणाऱ्यांचा रकाना

डावा पाय फूटपाथवरून खाली उतरला, डांबराला लागला न लागला, आणि परत वर गेला. बादलीतलं पाणी किती कढत आहे ते अंगठ्याने बघावं, तसा. खिडकीत बसलेल्या मोजणीवाल्याने तो पाय आधी पाहिला आणि माणूस नंतर. असे पाय त्याने एकोणीस वर्षांत हजारांनी पाहिले होते. रस्त्याच्या काठाशी येणारे, थबकणारे, मागे फिरणारे. त्यांच्यासाठी हातातल्या यंत्राचं बटण दाबायचं नसतं, म्हणून त्याचा अंगठा जागचा हललाही नाही. पण पाय पुन्हा खाली आला, पुन्हा वर गेला, आणि त्या वर जाण्यात एक लहानसा झटका होता, टाचेत काटा बोचल्यासारखा. तो झटका त्याच्या ओळखीचा होता. तपकिरी स्वेटर, कोपरात दुमडलेली कापडी पिशवी, मान किंचित डावीकडे कललेली. खाली काठावर त्याची ताई उभी होती.

घड्याळात दहा चाळीस झाले होते. मोजणीचा तिसरा, शेवटचा दिवस. टायरच्या दुकानावरची ही खोली खात्याने तीन दिवसांसाठी मागून घेतली होती. खाली रबराचा ढीग, वर रबराचा वास, आणि खिडकीशी दोन खुर्च्या. एकीवर तो. दुसरीवर सगळं खातं ज्यांना मामा म्हणतं ते म्हातारे कारकून. कोणाचे मामा ते कोणालाच ठाऊक नव्हतं, पण हाक मारली की ओ द्यायचे. मामांकडे ट्रक, मोटारी, दुचाक्या, सायकली. त्याच्याकडे तक्त्यातला शेवटचा रकाना, ओलांडणारे. नियम त्यानेच नव्या लोकांना शिकवायचा, तोंडपाठ गाण्यासारखा: ज्याचा पाय पलीकडच्या कडेला लागला तो एक, मधूनच परतला तो कोणी नाही, आणि नुसता उभा राहिला तोही कोणी नाही. दिवसाला दोनशे माणसं ओलांडणारी असतील तर पट्टे राहतील, सिग्नल दुरुस्त होईल. नसतील तर पट्टे खरवडायचे, अलीकडचा फूटपाथ निम्मा कापायचा आणि तिथे विजेच्या गाड्यांना चार्जिंग करायला सोळा खांब. पलीकडे तसे बारा खांब आठ महिन्यांपूर्वीच आले होते. पहिल्या दिवशी ओलांडणारे एकोणीस. दुसऱ्या दिवशी चौदा. आज सकाळपासून सहा. आणि का ओलांडतील? सहा पदरी रस्ता, मधला सिग्नल गेलं वर्षभर नुसता पिवळा डोळा मिचकावत होता, कोणाला जा नाही म्हणत की थांब नाही म्हणत. संध्याकाळी पाचला तक्ता बंद व्हायचा, त्याखाली त्याची सही व्हायची, आणि त्याची सही झाली की वर कोणी फिरून बघत नसे. इतका त्याच्या आकड्यांवर विश्वास.

ताई तिथेच होती. गाड्या तिच्यासमोरून जात होत्या, पांढऱ्या, करड्या, निळसर, एकीमागे एक, माळेत ओवल्यासारख्या. त्याला वाटलं खिडकी उघडावी आणि हाक मारावी. पण हाक मारली की ती वर बघणार, आणि विचारणार, कधी आलास? आणि मग सांगावं लागणार की परवा. तीन दिवस झाले, तिच्या दारापासून दोनशे पावलांवर तो सकाळी आठपासून बसतो आहे, घरून आणलेला डबा इथे खातो आहे, आणि संध्याकाळी गाडीत बसून परत जातो आहे. काम होतं, खरंच काम होतं. रविवारी फोनवर बोलणं झालं होतं की. दर रविवारी होतं. गुडघा कसा आहे, बरा आहे. मोतीबिंदूचं काय म्हणतात, पिकू दे म्हणतात. काजवालीकडे जातेस ना? "जाते की रोज. आजही जाऊन आले." काजवाली ही ताईची मैत्रीण. शिवणाच्या कारखान्यात बावीस वर्षं दोघींची मशिनं शेजारी होती, ताई कॉलर शिवायची आणि ती काजं करायची. आता ती अंथरुणाला खिळली होती, इथेच पलीकडे, तळमजल्यावरच्या खोलीत. तिची हिरव्या पडद्याची खिडकी त्याला इथून दिसत होती. ताई रोज जाते हे ऐकलं की त्याला बरं वाटायचं. माणसाला माणूस आहे, आपण नसलो तरी भागतंय, असं वाटून त्याचा रविवार हलका व्हायचा.

"आपली बगळी आली वाटतं," मामा म्हणाले.

"कोण?"

"ती हो, तपकिरी. तिन्ही दिवस बघतोय. सकाळी येते, एक पाय खाली, एक पाय वर. मासा काही गावत नाही बिचारीला." मामा स्वतःच्या विनोदावर हसले आणि हसताहसता दोन ट्रक मोजायचे विसरले, मग घाईने दोनदा बटण दाबलं. "तुम्हाला दिसली नाही? तुमच्याच रकान्यातली आहे."

"माझ्या रकान्यात ओलांडणारे असतात, मामा."

हे तो बोलून गेला आणि जिभेवर चुना लागल्यासारखं झालं. तीन दिवस. म्हणजे परवा आणि कालही ती इथेच उभी होती आणि त्याच्या डोळ्यांनी तिला बघून सोडून दिलं होतं. डोळे तेच, पण शिकवलेले. जे मोजायचं नाही ते दिसत नाही, असे एकोणीस वर्षांत घडवून घेतलेले. काठावर उभ्या माणसांचं त्याला कधी काही वाटलं नव्हतं. ती पावसाच्या थेंबांसारखी तारेवर जमायची आणि सुकून जायची.

ताई त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि आई या शब्दाच्या जागी त्याच्या आठवणीत एक मनगट होतं, ताईचं, घट्ट धरलेलं. वडील वीज तयार करायच्या कारखान्यात पाळीवर जायचे. वसाहत कारखान्याला खेटून, आणि डोक्यावर उंच चिमणी, रात्रंदिवस धुराचा पदर सोडून उभी. वाळत घातलेले कपडे संध्याकाळी काढायचे म्हणजे आधी राख झटकायची. ताई चादरीची दोन टोकं त्याच्या हातात द्यायची, दोन आपण धरायची, आणि झटकताना गाणं जुळवायची, जिथे झटका तिथे ताल:

उंच गं चिमणीबाई, तुला नाही शेजारी,
धुतली चादर माझी, तुझी राख तिच्यावरी.

मग शाळा. शाळा हमरस्त्यापलीकडे. ताई त्याला काठावर उभा करायची आणि म्हणायची, ठोंब्या, डोळे मीट. मिटले? आता सांग, काय येतंय? तो सांगायचा, ट्रक. किती लांब? लांब. आणि त्याच्यामागे? काही नाही. मग चल, म्हणायची, आणि मनगट पकडून निघायची. डोळे फसतात, कान फसत नाहीत, असं तिचं म्हणणं होतं. तो ठोंब्या पुढे रस्त्यांचंच शास्त्र शिकला, तिने बावीस वर्षं कॉलरी शिवल्या त्या पैशांवर. आणि आता कचेरीने त्याला विजेची गाडी दिली होती. गाड्या बनवणाऱ्या कंपनीनेच खात्याला वर्षभर वापरायला दोन पाठवल्या होत्या, दारावर हिरवं पान रंगवलेल्या. साहेब त्या दिवशी गाडीभोवती प्रदक्षिणा घालत म्हणाले होते, "धूर नाही, आवाज नाही, आणखी काय पाहिजे हो माणसाला?" सगळे हसले होते, तोही. घरी येताना मात्र त्याला उगाच ती चिमणी आठवली होती. धूर गेला कुठे? इथून उचलला आणि कोणाच्या तरी चादरीवर नेऊन ठेवला. आणि गाडी? ती तर कुठेच गेली नव्हती. तेवढीच लांब, तेवढीच रुंद, तेवढीच जागा अडवणारी. पण हे असलं बोलायचं कोणाशी? हाताशी गाडी असताना गाडीला नावं ठेवणारा माणूस खाल्ल्या घरचे वासे मोजतो असं म्हणतात, आणि मोजणं तर त्याचं पोटच होतं.

सव्वाअकराला ताई परत फिरली. जाण्याआधी तिने उजवा हात उचलून हवेत दोनदा हलवला, माशी वारावी तसा, आणि गेली. त्याने तक्त्याकडे पाहिलं. सहा.

मग दुपारभर त्याच्या डोक्यात एकच गोष्ट कुसळासारखी राहिली. आजही जाऊन आले. बाकी सगळं सविस्तर सांगायची, काजवालीकडचं मात्र तेवढंच. मग खोटं कोणतं आणि खरं कोणतं? आणि ती खोटं बोलत असेल तर कोणासाठी? अडीच वाजता डबा उघडला आणि तसाच मिटला. साडेतीनला ती पुन्हा आली. तोच स्वेटर, तीच पिशवी. पाय खाली, पाय वर.

"मामा, माझा रकाना बघा जरा."

"कुठे निघालात?"

"आलो."

"पाचच्या आत या म्हणजे झालं. सही तुमची लागते, माझी चालत नाही."

खाली रस्ता वरून दिसतो त्याहून रुंद होता. ही गोष्ट त्याला नवी नव्हती, पण आज ती अंगाला लागली. तो तिच्या मागे जाऊन उभा राहिला. तिला कळलं नाही. जवळून पाहिली तर ती गाड्यांकडे बघतच नव्हती. डोळे मिटलेले, मान कललेली, एक कान रस्त्याकडे. ऐकत होती. आणि चेहऱ्यावर असा भाव, की दारामागे कोणीतरी बोलतंय पण शब्द लागत नाहीत.

"ताई."

"अगं बाई!" ती दचकली, मग त्याच्या बाहीला चाचपलं. "ठोंब्या? तू इथे कसा?"

"काम होतं. इकडेच. तू काय करतेस इथे?"

"काय करणार? निघालेय काजवालीकडे."

"चल, मी सोडतो. गाडी आहे."

ती हसली. "एवढ्याशा वाटेला गाडी? ती बघ खिडकी, हिरवी. थुंकलं तर पोचेल." पण हसून झाल्यावर ती काठावरून मागे सरली, आणि त्याला दिसलं की सुटका झाल्यासारखे तिचे खांदे खाली आले.

गाडी टायरवाल्याच्या मागच्या गल्लीत उभी होती. ताई आत बसली, पिशवी मांडीवर घेतली. त्याने बटण दाबलं. काच थोडी उजळली, बाकी काही नाही.

"चालू कर ना," ती म्हणाली.

"झाली चालू."

"मग सांगत का नाही तसं?" तिने डॅशबोर्डला विचारलं, त्याला नव्हे.

पलीकडे जायचं तर आधी डावीकडे जायचं. दुभाजक अखंड, मध्ये फक्त ते पट्टे, तेही माणसांपुरते. दोन किलोमीटरवर वळण. तिथे वळायला रांग, कारण प्रत्येकाला कुठेतरी पलीकडेच जायचं होतं. विजेच्या गाड्या, पेट्रोलच्या गाड्या, एकेका गाडीत एकेक माणूस. रांगेत उभं राहिल्यावर कोणती कसली ते ओळखू येत नव्हतं. पाच मिनिटांत रांग एका गाडीइतकी सरकली. ताई काचेला नाक लावून बघत होती, प्रवासाला निघाल्यासारखी.

"तू रोज जातेस म्हणालीस," तो म्हणाला.

"अं?"

"काजवालीकडे. फोनवर."

तिने पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळला. मग म्हणाली, "मी डोळ्यांनी कधी ओलांडला होता रे रस्ता? तुला शिकवला तसा, कानांनीच. डोळ्यांत आता नुसतं दूध आहे, पण ते चाललं असतं. पूर्वी गाडी लांब असली की लांबचा आवाज, जवळ आली की जवळचा. दोन आवाजांच्या मधे एक फट असायची. त्या फटीतून मी जायची, सुईत दोरा जावा तशी. आता फटच लागत नाही. या गाड्या सगळ्या आयाबाया कुजबुजाव्यात तशा हळू बोलतात. आणि पलीकडे ते खांब लावल्यापासून तर त्या कुठून निघतात, कुठे शिरतात... एक परवा अंगाला घासूनच गेली. मला वाटलं वारा."

"मला सांगायचंस."

"सांगून?" ती म्हणाली. रागाने नाही. उत्तर खरंच हवं असल्यासारखं म्हणाली.

वळून, उलट दोन किलोमीटर येऊन, ते पलीकडच्या बारा खांबांपाशी पोचले तेव्हा चार वाजून गेले होते. तीस पावलांच्या वाटेला चाळीस मिनिटं. खांबांमागच्या जागेत शिरायला फूटपाथवरून गाडी घ्यावी लागत होती. त्याने ती हळू घेतली, अगदी हळू. आणि नेमकं समोरून पिशव्या घेतलेला एक माणूस एकदम बाजूला उडाला, एक पिशवी फुटली, कांदे घरंगळले. माणसाने बॉनेटवर थाड्कन हात मारला.

"अहो, गाडी आहे का मांजर? खाकरा तरी!"

"चुकलं, माफ करा, दिसला नाहीत..."

"मी दिसायला कशाला पाहिजे? मी फूटपाथवर आहे!"

तो खाली उतरून कांदे गोळा करू लागला. किती वेळा, त्याच्या मनात आलं, किती वेळा तो असा कोणाच्या पाठीशी वाऱ्यासारखा येऊन उभा राहिला असेल आणि आत बसून गाणं ऐकत असेल. गाडीत ही शांतता त्याला फार आवडायची. दिवसभराच्या रहदारीनंतर कानांवरून कोणी मऊ हात फिरवतंय असं वाटायचं. ती शांतता कुठून तरी काढून आणलेली असते, कोणाच्या तरी कानातून उपसलेली, हे त्याला आज फूटपाथवर बसून कांदे वेचताना कळत होतं. माणूस पुटपुटत निघून गेला. ताईने एक राहिलेला कांदा उचलला, आणि द्यायला कोणी नाही म्हणून पिशवीत टाकला.

काजवालीची खोली लहान होती. खिडकीला खेटून पलंग, उशाशी औषधं. सुनेने दार उघडलं आणि पाणी आणायला आत गेली. पलंगावरची बाई इतकी वाळली होती की पांघरुणाखाली कोणी आहे की नाही अशी शंका यावी, पण आवाज खणखणीत होता.

"आठ महिन्यांनी उगवलीस गं कॉलरवाले! मी म्हटलं मेली असशील. काठावर येतं ते तुझं भूत असेल."

"भुताला गुडघे असतात का? माझे दुखतात."

"आणि हा कोण? ठोंब्या? अरे, केस कुठे ठेवलेस?"

तो हसला, पण त्याचं मन आठ महिन्यांवर अडकलं होतं. काजवाली त्याच्याकडे बघून म्हणाली, "हिला विचार, रोज दोनदा येते आणि तिकडेच उभी राहते, माठासारखी. सकाळी आणि दुपारी. मी इथून हात करते. हिला मेलीला दिसत नाही, पण जाताना तीही हात करते, अंदाजाने. कधीकधी खांबालाच करते. तीच आमची भेट. मी सुनेला सांगते, पडदा सार, माझी पाहुणी आली."

म्हणजे खोटं नव्हतं. जाऊन आले म्हणायची ते खरंच होतं, जिथवर जाता येत होतं तिथवर. ताईने पिशवीतून बिनकाजाचा एक शर्ट काढला आणि मैत्रिणीच्या हातात ठेवला, आणि दोघींची बोटं त्या कापडावर एकमेकींना शोधत राहिली. तो खिडकीशी गेला. इकडचे बारा खांब खिडकीच्या एका बाजूला होते, समोर मोकळं होतं. इथून अलीकडचं पलीकडे झालं होतं. टायरचं दुकान, त्यावरची खिडकी, आणि खिडकीत मामांचं टक्कल. त्याखाली, जिथे ताई उभी राहायची, बरोबर तिथे खडूने खुणा केल्या होत्या. सोळा. तिथे खांब येणार, खांबांपुढे गाड्या लागणार, उंच, रुंद, एकीला एक चिकटून. इथून मग गाड्यांचे दरवाजे दिसतील. हात नाही दिसणार.

"तुझं कसलं काम रे इकडे?" ताईने मागून विचारलं.

सांगू नये असं त्याला वाटलं, आणि त्याच क्षणी तो सांगत सुटला. खोली, खिडकी, तीन दिवस, दोनशेचा नियम, पट्टे, खांब. बोलताना तो खिडकीबाहेरच बघत होता. बोलणं संपलं तेव्हा खोलीत सून पाण्याचा पेला घेऊन उभी होती आणि कोणीच तो घेत नव्हतं.

"तीन दिवस वर बसून होतास," ताई म्हणाली.

"हो."

"मी दिसले तुला?"

"आज दिसलीस."

"मग? मला किती धरलंस?"

त्याने ओठ ओले केले. "धरलं नाही, ताई. पलीकडे पाय लागल्याशिवाय..."

"म्हणजे शून्य?"

"आणि मला?" काजवाली पलंगावरून ओरडली. "मी तर खिडकीतच. म्हणजे मी शून्याच्याही खाली!" आणि ती हसली, खोकेपर्यंत हसली. ताई हसली नाही. तिने शर्टाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. त्याला ते हात माहीत होते. परीक्षेत तो पहिल्यांदा नापास झाला होता तेव्हाही ती अशीच काहीतरी घडी करत बसली होती, आणि मग म्हणाली होती, ऊठ, जेवून घे. त्याने वाट पाहिली. पण ती म्हणाली, "रस्त्यावरून गाड्या किती गेल्या ते धरलंस?"

"ते मामांकडे असतं. सगळ्या धरतात."

"उभ्या असल्या तरी?"

"रांगेतल्या? हो. रांगेत किती होत्या तेही लिहितात. रांग लांबली की रस्ता वाढवतात."

"अस्सं," ती म्हणाली. "गाडी उभी राहिली तर धरायची."

एवढंच. आणि ती पलंगाच्या कडेला हात टेकून उठली. तो म्हणाला, गाडी आणतो दाराशी. ती म्हणाली, राहू दे. तो म्हणाला, वळण पलीकडे आहे, थोडा वेळ लागेल, पण सोडतो. "आज सोडशील," ती म्हणाली. "उद्या? तू आणशील तेव्हा मी मैत्रिणीला भेटणार का? मी तुला चालत वाढवला रे. तू मला पार्सल करू नकोस." आणि निघाली. काजवाली मागून म्हणाली, "सावकाश गं," आणि त्या दोन शब्दांत आता हसू नव्हतं.

पट्टे अर्धे पुसलेले. पिवळा दिवा मिचकावत होता. ताई काठाशी थांबली, डोळे मिटले, मान कलली. तो तिच्या उजव्या बाजूला, गाड्या येतात त्या बाजूला. तिने हात पुढे केला नाही. त्यानेच तिचं मनगट धरलं, आणि ते इतकं बारीक निघालं की त्याने पकड सैल केली आणि मग भीतीने पुन्हा घट्ट केली. "काय येतंय?" तिने विचारलं. त्याने पाहिलं. येत होतं ते येतच होतं. तो म्हणाला, "थांब." मग म्हणाला, "थांब, थांब." मग त्याला समजलं की असं थांब म्हणत तो आणखी एकोणीस वर्षं इथे उभा राहू शकतो. त्याने दुसरा हात उंच उचलला, तळवा पुढे, आणि पाय खाली टाकला. पहिल्या पदरातली गाडी थांबली. दुसऱ्या पदरातली थांबली नाही, वळसा घालून गेली, तिच्या वाऱ्याने ताईचा पदर उडाला. कोणीतरी हॉर्न दिला आणि त्याला त्या हॉर्नबद्दल कृतज्ञता वाटली, निदान कोणीतरी सांगितलं तरी. तिसऱ्या पदरातल्या गाडीतला माणूस काचेआडून हातवारे करत होता, तोंड उघडत-मिटत होतं, आणि आवाज नव्हता. एक पाऊल, एक पाऊल, ताईचा उजवा पाय ओढत, त्याला आपलं श्वास घेणं ऐकू येत होतं. मग दुभाजकाचा कट्टा. ती त्यावर चढली, आणि तिथे तिचा गुडघा अडला.

"थांब जरा," ती म्हणाली. "बसू दे."

"इथे? ताई, इथे कोण बसतं?"

"मी बसते."

ती कट्ट्यावर बसली, पिशवी मांडीवर, एखाद्या नदीच्या मधल्या खडकावर बसावं तशी. तोही टेकला. पुढून गाड्या, मागून गाड्या, उलट सुलट, आणि मध्ये हे दोघं, हाताच्या रुंदीच्या जागेत. इथून रस्ता त्याने कधी पाहिला नव्हता. नकाशात ही जागा म्हणजे एक दुहेरी रेघ. इथे धूळ होती, एक तुटलेला आरसा होता, कोणाची तरी एक चप्पल होती. लहान मापाची. त्याने ताईला ती दिसू नये म्हणून पाय पुढे केला आणि मग आठवलं की तिला दिसतच नाही. ती गुडघा चोळत होती. तिच्या कपाळावर घाम होता आणि ओठ पांढरे पडले होते. उरलेले तीन पदर ती चालू शकेल का, हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि तिलाही नसावं.

खिशात फोन थरथरला. मामा.

"मोजणीसाहेब, तुम्हीच ना ते? मधे बसलेले? आणि बरोबर ती बगळी..."

"माझी बहीण आहे, मामा."

खिडकीतलं टक्कल दिसेनासं झालं, पुन्हा दिसलं. मामांनी घसा साफ केला. "पाचला तीन मिनिटं कमी आहेत. तक्ता बंद करायचाय. तुम्ही पोचताय का? पोचलात तर दोन धरतो, कोणी विचारणार नाही. किंवा परत जाताय तर... कुठे धरू तुम्हाला?"

त्याने ताईकडे पाहिलं. ती गुडघ्यावर तळहात ठेवून, कान कलता करून, येणाऱ्या गाड्यांमधलं काहीतरी शोधत होती.

"लिहा, अजून रस्त्यात आहेत."

"असा रकाना नाही हो आपल्याकडे."

"मग काढा. ओलांडणाऱ्यांच्या शेजारी. त्यात जे उभे राहिले ते सगळे घाला. तीन दिवसांचे. तुम्हाला आठवतील तेवढे तुम्ही सांगा, मला आठवतील तेवढे मी आल्यावर सांगतो. सही मी करतो."

"साहेब काय म्हणतील?"

"काढा, मामा. सरळ काढा, वरपासून खालपर्यंत."

मामांनी फोन ठेवला नाही. गाड्या दोन्ही बाजूंनी जात राहिल्या, आणि त्याच्या कानाशी मामा टेबलाचा खण ओढून पट्टी शोधत असल्याचा आवाज येत राहिला.